झाड क्रमांक सत्तावीसची सुनावणी

नव्या इमारतीचं चित्र गेटवर लागलं तेव्हा जुन्या वॉर्डातल्या बायका ते बघायला रांगेनं गेल्या. रांगेनं जायची सवय होती. चित्रात पाच मजले होते, काचा होत्या, हिरवळ होती, आणि हिरवळीवर एक गोरीपान बाई कुत्रं फिरवत होती.

"ही कुठल्या वॉर्डातली?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"ती भेटाया आलीया कुनाला तरी," द्वारका म्हणाली.

"मग कुत्रं कशाला आणलं?"

"येकटी कशी येनार?"

चित्राखाली लिहिलं होतं: मानसिक आरोग्य उपचार संकुल, खाटा तीनशे, केंद्र व राज्य शासनाच्या निधीतून. खडकी स्टेशनपासून चालत वीस मिनिटांवरच्या या सरकारी रुग्णालयाचं संकुल व्हायला सोळा वर्षं लागली होती, तीही कागदावर. आता निधीचा पहिला हप्ता आला होता, आणि तो मार्चअखेर खर्च झाला नाही तर आल्या वाटेनं परत जाणार होता. त्यामुळे रुग्णालयात एक प्रकारची घाई आली होती. घाई म्हणजे काय, हे तिथल्या बऱ्याच जणांना नव्यानं शिकावं लागत होतं.

द्वारका तिथं बावीस वर्षं होती. पहिली आठ आजारात गेली, उरलेली चौदा बरं होऊन. तिच्या केसपेपरवर 'घरी पाठवण्यास योग्य' असा शिक्का होता, आणि तो इतका जुना होता की जांभळ्या शाईची तपकिरी झाली होती. तिचा धाकटा भाऊ ज्ञानदेव लोणी काळभोरला राहायचा. आजार होता तोवर तो दोन-तीन महिन्यांतून यायचा, बायकांच्या वॉर्डासमोरच्या शिरीषाखाली बसायचा, केळी द्यायचा. बहीण बरी झाली असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी त्याला फार आनंद झाला. "आक्का, तू हितंच बस. मी गाडी घिऊन आलोच," असं म्हणून तो गेला.

द्वारका बसली. शिरीष चौदा वेळा फुलला, चौदा वेळा झडला. माघात त्याच्या वाळक्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळायच्या, कुणीतरी पैंजण घालून अंगणात यावं आणि दारातूनच परत फिरावं तशा. तो आवाज आला की सुशीलाबाई भिंतीला टेकून ओवी रचायच्या. जातं नव्हतं, दळण नव्हतं, पण ओवीचं काही अडलं नव्हतं.

शिरीषाच्या शेंगा बाई, वाजत्यात वाऱ्यावारी
बंधवाच्या गाडीला गं, घाट लागला का भारी

लोणी काळभोर ते खडकी या वाटेवर घाट नाही. हे सुशीलाबाईंनाही माहीत होतं.

जानेवारीत महापालिकेची माणसं आली आणि त्यांनी झाडांवर पांढऱ्या रंगानं नंबर टाकले. नव्या इमारतीसाठी एक्केचाळीस झाडं जाणार होती. प्रत्येकाच्या बुंध्याला नोटीस बांधली: सदर वृक्ष तोडण्याबाबत कुणाची हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी. शिरीषाचा नंबर सत्तावीस होता. द्वारका सातवी शिकलेली होती. तिनं नोटीस दोनदा वाचली आणि दीक्षा मॅडमच्या खोलीत गेली.

दीक्षा मॅडम तिथल्या समाजसेवा अधिकारी. बऱ्या झालेल्या माणसांचे नातेवाईक शोधायचे, त्यांना पत्रं पाठवायची, हे त्यांचं काम.

"मॅडम, हरकत घ्यायचीया."

"कशाला?"

"सत्तावीस नंबरला."

"का हो, द्वारकाताई?"

"ज्ञानूनं तितं बस म्हनून सांगितलंय. वॉर्ड पाडनार, आमाला पाटीमागच्या पत्र्याच्या शेडात नेनार. आता झाडबी गेलं, तर त्यो येऊन काय बघंल? खड्डा. खड्डा बघून माघारी जाईल."

दीक्षा मॅडमच्या कपाटात लोणी काळभोरला पाठवलेल्या अकरा पत्रांच्या प्रती होत्या. एकाचंही उत्तर आलेलं नव्हतं. तो येणार नाही, असं त्यांनी द्वारकाला कधी सांगितलं नव्हतं. ते सांगणं त्यांच्या कामाच्या यादीत नव्हतं. त्यांनी कागद आणि पेन दिलं.

द्वारकानं लिहिलं: 'झाड नं. २७ तोडू नये. माझा भाऊ तिथे येणार आहे. इमारत थोडी सरकवावी.' मग अर्जदाराचा कायमचा पत्ता या जागेशी ती थांबली, आणि तिनं लोणी काळभोरचा पत्ता लिहिला.

"इथला लिहा ना. बावीस वर्षं राहताय."

"ह्यो पाडनार हायत की. कायमचा कसा लिवू?"

दीक्षा मॅडमनी तो तसाच राहू दिला. अर्ज गेला.

मोठ्या डॉक्टरांना कळलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पुण्यात झाड तोडायचं म्हटलं की हरकत येणार हे त्यांनी धरलंच होतं. कर्वेनगरहून एखादे निवृत्त गृहस्थ येतील अशी त्यांची अटकळ होती. पण हरकत आतूनच आली होती.

"रुग्णाला हरकत घेता येते?"

"कोणताही नागरिक, असं लिहिलंय सर," दीक्षा मॅडम म्हणाल्या.

"पण त्या…"

"मतदान करतात सर. गाडी आपणच देतो."

डॉक्टरांनी चष्मा परत घातला. "मार्चअखेर आहे हो," ते म्हणाले, पण ते कुणाला उद्देशून होतं ते स्पष्ट झालं नाही.

सुनावणीची नोटीस रजिस्टर पोस्टानं कायमच्या पत्त्यावर गेली. रुग्णालयाची अकरा पत्रं साध्या पाकिटातून गेली होती, ज्ञानदेवनं ती न फोडता देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली होती. हे पाकीट मात्र सही करून घ्यावं लागलं, आणि सही केली म्हणून फोडावं लागलं. आत बहिणीचं नाव होतं. पुढे 'हरकतदार'. पुढे सुनावणीची तारीख, जागा म्हणून रुग्णालयाचं नाव, एक सर्व्हे नंबर, आणि 'गैरहजर राहिल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजून निर्णय घेण्यात येईल' असं वाक्य.

त्याच दिवसांत ज्ञानदेव सोलापूर रस्त्याकडेचं दीड एकर विकायला निघाला होता. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर दोन नावं लागली होती, त्याचं आणि द्वारकाचं. घेणारा म्हणाला होता, बहिणीची सही आणा. ज्ञानदेव म्हणाला होता, भन लई लांब असती. आणि आता लांबच्या बहिणीनं हरकत घेतली होती. नोटीस त्यानं खालपर्यंत वाचली असती तर 'वृक्ष' हा शब्द भेटला असता. पण सर्व्हे नंबर आणि बहिणीचं नाव एका कागदावर दिसल्यावर त्याच्या खाली वाचणारा भाऊ अजून जन्मायचा होता.

सुनावणी जागेवरच ठेवली होती. सत्तावीस नंबरखाली टेबल मांडलं, त्यावर दगड ठेवून कागद दाबले. उद्यान विभागाच्या अधिकारी पूर्णिमा साठ्ये आल्या, खुर्चीवरच्या शेंगा झाडून बसल्या. मोठे डॉक्टर उभे होते, शेजारी दीक्षा मॅडम. द्वारका तिच्या नेहमीच्या दगडावर बसली होती, केस विंचरून.

सव्वाअकराला गेटातून एक पांढरी गाडी आत आली. तिच्यातून काखेत फाइल घेतलेला, कानशिलं पांढरी झालेला माणूस उतरला आणि कुणालाही न विचारता थेट शिरीषाकडे आला. वाट त्याला पाठ होती.

"आलास?" द्वारका म्हणाली. भाऊ दूध आणायला गेला असावा इतपतच.

"आलो."

"गाडी आनलीस?"

ज्ञानदेवनं मागे वळून बघितलं. "आनली," तो म्हणाला, कारण आणली होती. मग त्याला कामाची आठवण झाली. "आक्का, जिमिनीवर हरकत घ्यायच्या आदी मला येकदा बोलायचं तरी."

"कंच्या जिमिनीवर?"

पूर्णिमाबाईंनी हरकत मोठ्यानं वाचून दाखवली. तीन वाक्यं होती, वेळ लागला नाही. 'माझा भाऊ तिथे येणार आहे' हे वाक्य त्यांनी इतर दोन वाक्यांसारखंच वाचलं.

ज्ञानदेवच्या तोंडावर आधी काहीच आलं नाही, मग सगळं एकदम आलं. "झाड व्हय!" तो हसला. "मंग तोडा की. आमची काय बी हरकत न्हाई."

"आपण कोण?"

"भाऊ."

"म्हणजे हरकतीतले?"

"…व्हय."

पूर्णिमाबाईंनी नोंद केली. "अर्जदार, आपले बंधू आलेले आहेत. म्हणजे हरकतीचं कारण उरत नाही. हरकत मागे घेता?"

तेवढ्यात ज्ञानदेवनं, इतका जीव हलका झालाच आहे तर दुसरंही काम उरकावं म्हणून, फाइल उघडली. "आक्का, आलोच हाय, तर ह्या कागदावर येक सही दे. हक्कसोडीचा हाय. काय न्हाई, रीत असती."

दीक्षा मॅडमनी कागद मागून घेतला आणि सावकाश वाचला. "हिस्सा सोडायचा तर त्या पूर्ण बऱ्या आहेत असा डॉक्टरांचा दाखला लागेल."

"बरीच हाय की ती!" ज्ञानदेव म्हणाला. "बगा, कशी बोलतीया. आमच्या घरात हीच हुशार. काय झालंय तिला? धडधाकट हाय. द्या दाखला."

"दिलाय," दीक्षा मॅडम म्हणाल्या. "अकरा वेळा पाठवलाय, तुमच्याच पत्त्यावर. 'रुग्ण पूर्ण बरी असून तिला घरी घेऊन जावे.' एवढंच लिहिलंय त्यात."

वरती शेंगा खुळखुळल्या. कुणी आलं नव्हतं, वाराच होता. ज्ञानदेव तिथंच, बहिणीच्या दगडापाशी, मातीत बसला.

"आक्का," तो म्हणाला, "पाकिटं मी फोडलीच न्हाईत."

"म्हाईत हाय."

"कसं?"

"फोडली असतीस तर आला असतास. तू वाईट न्हाईस. तुला वाचायचा कंटाळा."

सुशीलाबाई वॉर्डाच्या खिडकीतून बघत होत्या. त्यांनी ओवी सुरू केली नाही.

"सही देते," द्वारका म्हणाली. ज्ञानदेवनं पेन काढलं. "आत्ता न्हाई. भनीचा हिस्सा असा उभ्याउभ्या घेत्यात व्हय? चौदा वर्सांच्या चौदा भाऊबिजा ऱ्हायल्यात तुझ्या. त्या आदी पुऱ्या कर. येक झाली की दुसरी. चौदा झाल्या की सही."

"आक्का, चौदा वर्सं घेनारा थांबंल व्हय?"

"मंग म्हैन्याला येक घाल."

ज्ञानदेवनं बोटांवर काहीतरी मोजलं. सव्वा वर्ष. घेणारा कुरकुरला असता, पण थांबला असता. "चालंल."

"हितंच. ह्या झाडाखाली. मला दुसरीकडं ओवाळायला जमायचं न्हाई."

आता सगळे पूर्णिमाबाईंकडे बघू लागले. त्यांचं पेन हरकतीच्या कागदावर तसंच थांबलेलं होतं. ज्ञानदेव उठला, धोतर नव्हतं तरी धोतराचा सोगा झटकावा तशी पँट झटकली, आणि टेबलासमोर हात जोडून उभा राहिला.

"मॅडम, माजीबी हरकत लिवा."

"आपण पाच मिनिटांपूर्वी तोडा म्हणालात."

"तवा मला म्हाईत नव्हतं."

"काय?"

"झाड कशाला हाय ते."

पूर्णिमाबाईंनी लिहून घेतलं. हरकतदार दोन, कारण एकच. मग त्यांनी नकाशा मागवला, बोट ठेवलं आणि डॉक्टरांना विचारलं, "इथे काय आहे?"

"जनरेटरची खोली."

"ती पलीकडे गेली तर चालेल?"

"मार्चअखेरच्या आत होईल?"

"भिंत अजून बांधलेली नाही. रेघच आहे. रेघ सरकवायला किती दिवस लागतात तुमच्याकडे?"

डॉक्टरांनी खरं उत्तर दिलं नाही. पण रेघ सरकली. एक्केचाळीसची चाळीस झाडं झाली.

सगळे उठले तेव्हा दीक्षा मॅडम हळूच द्वारकाजवळ आल्या. "गाडी आलीय. बरी आहात हे तो स्वतः ओरडून बोललाय. आजच घरी जायचं म्हणालात तर नाही म्हणायला त्याला तोंड नाही."

द्वारका गाडीकडे बघत राहिली. गाडी चांगली होती. मागच्या काचेवर तिच्या ओळखीच्या नसलेल्या दोन पोरांची नावं लिहिलेली होती.

"आदी त्याला यायची सवय लागू दे," ती म्हणाली. "न्यायची मंग लागंल."

पहिल्या भाऊबिजेला तो पुढच्या महिन्यात आला. इकडे जुन्या वॉर्डाच्या कौलांचे ढीग पडले होते, यंत्रं घरघरत होती, आणि सत्तावीस नंबरभोवती पत्र्याचं कुंपण उभं होतं. त्याचं दार उघडून बहीण-भाऊ आत बसले. काडेपेटी न्यायची परवानगी नव्हती, म्हणून दीक्षा मॅडमनी मोबाइलची बॅटरी लावून ताटात ठेवली. द्वारकानं ओवाळलं. उजेड पांढरा होता, गार होता, पण भावाच्या तोंडावर पडला.

ज्ञानदेवनं पिशवीतून केळी आणि हिरवी साडी काढून तिच्या मांडीवर ठेवली. मग पाण्याची बाटली उघडून बुंध्याशी ओतली.

"एवढ्या मोठ्या झाडाला काय होणार त्यानं?" दीक्षा मॅडम म्हणाल्या.

"असू द्या. अजून तेरा हायत."

पत्र्याच्या फटीला सुशीलाबाईंनी डोळा लावला होता. त्यांना एक जुनी शंका होती, ती त्यांनी विचारून घेतली.

"दादा, घाट लागला का हो वाटेत?"

ज्ञानदेवनं विचार केला.

"न्हाई," तो म्हणाला. "हडपसरला ट्रॅफिक हुतं."