वामनरावांची दोन बोटं

अकोल्याच्या बसस्टँडवर उतरेपर्यंत प्रियदर्शनीनं मनात हिशेब मांडून पाहिला होता. दोष 'पाटी'त निघाला तर संस्थेच्या बाकीच्या केंद्रांचं काम हातचं जाणार. दोष 'पाटी'त नाही निघाला तर केंद्रातल्या ऑपरेटर अपेक्षाची नोकरी जाणार. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, पण तिसरा रकाना काही तिला सापडला नाही.

'पाटी' म्हणजे तिनं स्वतः लिहिलेला प्रोग्राम. मराठीत मजकूर टंकायचा, दुरुस्त करायचा, सेव्ह करायचा, एवढंच त्याचं काम. राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या वरच्या खोलीत बसून, खालून येणारे पाढे ऐकत तिनं तो विंडोजसाठी केला होता. अकोल्याच्या शेतसल्ला केंद्रानं तो काही वर्षं बिनतक्रार वापरला. मग केंद्रातले कॉम्प्युटर म्हातारे झाले. नवं विंडोज त्यांच्यावर चढेना, आणि नवे कॉम्प्युटर म्हटलं की संचालक ओमप्रकाशजींच्या छातीत कळ यायची. शेवटी फुकटचं लिनक्स टाकायचं ठरलं. प्रियदर्शनीनं 'पाटी' लिनक्सवर आणली, सगळ्या मशिनींवर बसवली, चालवून दाखवली आणि चहा पिऊन परत गेली.

आणि मागच्या आठवड्यात डोमाजी नावाच्या शेतकऱ्यानं कपाशीची करपलेली पानं प्लास्टिकच्या पिशवीतून आणून ओमप्रकाशजींच्या टेबलावर ओतली. "तुमच्या मोबाइलवरच्या सल्ल्यानं फवारलं जी," तो म्हणाला. "चार तासं मारले, कपाशीच्या चार ओळी फक्त, अन् मलेच गरगरलं, म्हनून थांबलो. नाई तर वावरच गेलं असतं."

सल्ल्यात पाठीवरच्या पंपाला दहा मिली औषध हवं होतं. गेलं होतं तीस.

हा सल्ला दर शनिवारी चार वाजता आपोआप सुटतो. केंद्राच्या सगळ्या मशिनींवरून उघडणाऱ्या एका सामायिक फाईलमध्ये त्या घटकेला जे असेल ते हजारो फोनवर जातं. फाईलमध्ये औषधाचा भाग लिहितात खुशालराव, पावसाचा वामनराव. दोघंही कृषी खात्यातून निवृत्त झालेले, दोघंही एकाच खोलीत समोरासमोर बसणारे, आणि एकमेकांशी न बोलणारे. वामनरावांना विचारलं तर भांडण बढतीवरून. खुशालरावांना विचारलं तर त्यांच्या आईच्या तेरवीला वामनराव आले नाहीत त्यावरून. भांडण एकच आणि कारणं दोन, म्हणजे व्याज दोन्हीकडून चढत होतं. शेवटचा हात फिरवायची अपेक्षा, केंद्राची ऑपरेटर. तिचं म्हणणं एकच होतं, "ताई, मी दहा वाचूनच उठली होती."

"मॅडम, आपलं सरळ हाये," ओमप्रकाशजींनी प्रियदर्शनीला खुर्चीही न देता सांगितलं. "खुशालराव म्हनतेत, मी दहा केलं होतं. ही पोरगी म्हनते, मी दहा पाह्यलं होतं. मंग तीस काय उंदरानं केलं? चार वाजेपर्यंत तुमी कारन दाखवा. नाई तर हिले सोमवारपासून यायचं काम नाई."

"आजचा सल्ला थांबवता नाही येत?"

"थांबवतो की. मंग लोक औषधाच्या दुकानदाराले इचारतीन. तो तर डबा खपवायले बसूनच हाये."

अपेक्षा दाराशी हाताची घडी घालून उभी होती. आज तिला कीबोर्डला हात लावायचीही मनाई होती. मनाई केलेल्या माणसासारखीच ती उभी होती, भिंतीलासुद्धा न टेकता.

प्रियदर्शनी कामाला लागली. आधी तिनं डिस्क तपासली. ठणठणीत. मग एखादा जुना बॅकअप परत येऊन बसतो का ते पाहिलं. बसत नव्हता. कुणी कधी सेव्ह केलं त्याची नोंद काढली, तर प्रत्येक ओळीत एकच नाव होतं, 'कार्यालय'. एकच पासवर्ड सगळ्यांना लक्षात राहतो म्हणून ओमप्रकाशजींनी सगळ्या मशिनींना एकच नाव दिलं होतं. चोर पकडायचा, आणि अख्खं गाव एकाच नावाचं.

"काका, तुम्ही तीस लिहिताच कशाला मुळात?" तिनं खुशालरावांना विचारलं.

"कंपनीच्या कागदावर पेट्रोलवर चालनाऱ्या फवारनी पंपाचं माप असते, पोरी. सकायी ते जसंच्या तसं उतरवतो. जेवन झालं की डोकं लावतो अन् पाठीवरच्या पंपाचं करतो." त्यांनी आकडा दाखवला. "हे पाह्य. तीस होतं, दहा केलं. केलं सेव्ह. आता याच्यात माही काय चूक?"

चूक काहीच नव्हती. प्रियदर्शनीनं शेजारच्या रिकाम्या मशीनवर फाईल उघडली. दहा. तिनं सुस्कारा सोडला, पाण्याचा घोट घेतला, बाटलीचं झाकण लावलं आणि सहज म्हणून फाईल पुन्हा उघडली.

तीस.

तिनं झटकन खोलीभर पाहिलं. खुशालराव चष्मा पुसत होते. अपेक्षा दाराशीच होती. ओमप्रकाशजी फोनवर होते, वामनराव स्क्रीन वाचत होते. कीबोर्डवर कुणी काही टंकत नव्हतं, आणि आकडा तिच्या डोळ्यांदेखत फिरला होता.

"पाह्यलं?" ओमप्रकाशजी फोन बाजूला धरून म्हणाले. "आता म्हना का तुमच्या प्रोग्रामात भूत हाये. म्हनजे तुमचंबी बरं अन् इचंबी बरं."

घड्याळ साडेतीनच्या पुढे गेलं होतं. प्रियदर्शनीनं दहा केलं, सेव्ह केलं. थोड्या वेळानं उघडलं, तर तीस. पुन्हा दहा. पुन्हा तीस. तिसऱ्यांदा मात्र तिनं स्क्रीनकडे पाहणं सोडून दिलं आणि खोलीतल्या माणसांकडे पाहत बसली. मशीन खोटं बोलत नाही, पण माणूस न बोलताही पुष्कळ काही करतो, हे क्लासच्या वरच्या खोलीत राहून ती शिकली होती.

खुशालराव चष्माच पुसत होते. वामनराव आपल्या स्क्रीनवर पावसाचा अंदाज वाचत होते. ओठ हलत होते, उजवा हात मांडीवर होता. डाव्या हाताची दोन बोटं मात्र कीबोर्डच्या कोपऱ्यावर होती. एक ओळ वाचून झाली की टक. दुसरी ओळ, टक. काही लिहिलं नव्हतं, काही खोडलं नव्हतं, तरी टक.

"काका, हे काय करून राहिले तुम्ही?"

"कुठी काय? सेव्ह करून राहिलो."

"काही लिहिलं का नवीन?"

"लिहायचं काय काम हाये? लाईन गेली म्हनजे? भारनियमनात पुरा अहवाल गेल्ता माहा, साहेब उभा असतानी. तवापासून बोटाले सांगूनच ठेवलं हाये, ओळ झाली का दाब."

"फाईल कधी उघडली होती आज?"

"अकराले. चहा झाल्यावर. मंग बंद केलीच नाई."

अकराला. म्हणजे वामनरावांच्या स्क्रीनवर सकाळचीच फाईल होती, खुशालरावांनी डोकं लावायच्या आधीची. तिच्यात तीस होतं. बोट दाबलं की अख्खी फाईल त्यांच्याकडची जायची आणि खुशालरावांची दुरुस्ती पुसली जायची. भिंतीवर पाटी एक, आणि दोघांच्या हातात आपापली नक्कल. शेवटी जो टांगेल त्याची खरी.

मग विंडोजवर हे का होत नव्हतं? प्रश्न पडला आणि उत्तरही त्याच क्षणी आलं. अंगावर पाल पडावी तसं. तिकडे एकानं फाईल उघडली की दुसऱ्यासमोर लाल चौकट यायची, 'फाईल वापरात आहे'. ते कुलूप तिनं कधी लिहिलंच नव्हतं. विंडोज ते आपणहून लावायचं. लिनक्सनं लावलं नाही, आणि तपासताना तिच्याकडे लॅपटॉप एकच होता, माणूसही एकच.

"लाल चौकट यायची तेव्हा काय करायचे तुम्ही?" तिनं विचारलं.

"थांबायचो. तो चहाले गेला का फाईल सोडायचा, मंग मी घ्यायचो." वामनरावांनी 'तो' हा शब्द छताकडे पाहून उच्चारला. "आता येतच नाई. म्हटलं, शहाना झाला असन."

"अन् मले वाटे," खुशालराव खिडकीला म्हणाले, "का कोनी तरी मुद्दाम माहे आकडे खोडून राहिलं. पन बोलायचं कोनाशी? म्हनून अपेक्षाले म्हटलं."

दोघांमधलं बोलणं इतकी वर्षं ती लाल चौकट करत होती. ती गेली, आणि राग कुणाच्या तरी डोक्यावर ठेवायचा म्हणून पोरीच्या डोक्यावर ठेवला गेला.

"काका, फाईल बंद करा. सेव्ह न करता."

"अन् माहा पाऊस? तू इचार करत होती तवाच लिहिला ना मी, दाबायचं राह्यलं. उद्या पाऊस हाये. सेव्ह नाई केलं तर जाईन तो." आणि बोलता बोलता सवयीनं बोटं उचलली.

प्रियदर्शनीनं वाकून त्यांच्या मशीनची नेटवर्कची वायर उपटली.

फाईल त्या वायरीपलीकडे होती, त्यामुळे सेव्ह करायला गेलेली 'पाटी' गोठली. पावसाच्या ओळी आत अडकल्या. क्लिक लागेना, बोटांचं टक टक वाया जाऊ लागलं. चारला पाच मिनिटंही उरली नव्हती.

"हे काय केलं वं?" वामनराव उठलेच.

"आता तुमचं मशीन काही करू शकत नाही, चांगलं नाही अन् वाईटही नाही. तुमचा पाऊस तोंडानं सांगा. खुशालकाकांच्या फाईलमध्ये दहा आहे, ते लिहून घेतील."

वामनराव दाराकडे पाहत म्हणाले, "अपेक्षा, लिहून घे."

"मले मनाई हाये," अपेक्षा म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच धारदार झाला होता. "अन् सोमवारपासून मी असन का नाई, ते तुमच्यावर हाये जी."

ओमप्रकाशजींनी फोन ठेवला. खुशालरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि कीबोर्ड पुढे ओढला. दोन्ही हात तयारीत ठेवले.

"उद्या दुपारनंतर पाऊस," वामनराव म्हणाले, छताला.

"कुठी?"

"कुठी म्हनजे?"

"अकोला जिल्हा काय तुह्या आंगनाएवढा हाये का? कुठी?"

"अकोट. तेल्हारा. इकडे बार्शीटाकळीत कमी."

"मंग फवारनी?"

"थांबा म्हना. मंगळवारपर्यंत."

"आधी पाऊस घेऊ का आधी औषध?"

"आधी पाऊस घे बे. लोक पहिलीच ओळ वाचतेत, मंग फोन खिशात."

"हे मात्र खरं बोलला," खुशालराव म्हणाले आणि सेव्ह केलं.

प्रियदर्शनीनं बाजूच्या मशीनवर फाईल उघडली. पाऊस वर, औषध खाली. दहा. तिनं बंद केली, पुन्हा उघडली. दहा. तिसऱ्यांदा उघडणार तेवढ्यात ओमप्रकाशजींच्या खिशात फोन वाजला, पाठोपाठ वामनरावांचा, मग खुशालरावांचा. सल्ला सुटला होता. तिघांनीही आपापल्या फोनवर तो वाचला, परीक्षेच्या निकालासारखा, बोट फिरवत.

"मंग चूक कोनाची?" ओमप्रकाशजींनी विचारलं. त्यांना वही मिटवायची होती. दोघा काकांनी जुन्या सवयीनं अपेक्षाकडे पाहिलं, आणि प्रियदर्शनीचा सकाळचा हिशेब पुन्हा समोर आला. वामनरावांची बोटं म्हटली असती तरी खोटं ठरलं नसतं.

"फाईलला कुलूप नव्हतं," ती म्हणाली. "ते मी लावायला हवं होतं. नाही लावलं. पुढच्या शनिवारच्या आत लावून देते."

"असं का." ओमप्रकाशजींनी मान हलवली. "मंग बाकीच्या केंद्राचं पाहू आपन." वऱ्हाडात 'पाहू' म्हणजे 'नाही', हे तिवसा ते तेल्हारा सगळ्यांना ठाऊक आहे. प्रियदर्शनीनं बॅग उचलली. "अन् तू काहून उभी हायेस तिथं?" ते अपेक्षाला म्हणाले. "डोमाजीले फोन लाव. म्हना, ह्या बारीचं माप बरोबर हाये." माफी एवढीच. अपेक्षा खुर्चीवर बसली, कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि मग फोन उचलला.

पुढच्या शुक्रवारी प्रियदर्शनी कुलूप घेऊन आली, तेव्हा अपेक्षानं तिला दाराशीच अडवलं. "ताई, नका लावू ना. आठवडा होत आला, बोलून राहिले दोघं. भांडतेत, पन बोलतेत."

"भांडता भांडता एकानं तीस सेव्ह केलं म्हणजे?"

अपेक्षा बाजूला झाली.

कुलूप बसलं. वामनरावांनी चहानंतर फाईल उघडली, आणि लाल चौकट आली. ह्या वेळी तिच्यात नाव होतं. प्रियदर्शनीनं प्रत्येक मशीनला माणसाचं नाव दिलं होतं, ओमप्रकाशजींनी कितीही कुरकुर केली तरी. 'खुशालराव लिहून राहिले. थांबा.'

वामनरावांनी चौकट वाचली. डाव्या हाताची दोन बोटं कोपऱ्याकडे गेली आणि तिथेच थबकली.

"थांबतो," ते स्क्रीनला म्हणाले.

"थांब मंग," समोरून आवाज आला. "एकच ओळ राह्यली."