थेटरातली फायनल

आमच्या यांना फुटबॉल आणि मला सिनेमा. लग्न झालं त्या वर्षीच वाटणी झाली. हंगाम चालू असेपर्यंत टीव्ही त्यांचा, मी हूं की चूं करायचं नाही. हंगाम संपत आला की एका रविवारी त्यांनी मला थेटरात न्यायचं, शेजारी बसायचं आणि पिक्चर संपेपर्यंत घड्याळाकडे बघायचं नाही. आपल्या वाट्याला वर्षाचा एकच रविवार आला, हे माझ्या डोक्यात शिरायलाच काही वर्षं गेली.

एरवी मी एकटीच जाते. एका दुकानात कपडे बेतायचं काम करते, ते सुटलं की समोरचं थेटर. आमची मुलगी गेली तेव्हापासून जरा जास्तच. शाळकरी होती, तापाचं निमित्त झालं. घरात मला रडू फुटलं की हे म्हणायचे, आवर आता, लोक बघतायत. स्वतः डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. खुर्च्या मांडत होते, येणाऱ्याजाणाऱ्यांना पाणी देत होते. नंतरही घरात तिचं नाव काढायची सोय नाही. थेटरात कसं, कोणी विचारत नाही. विनोदी पिक्चर असला तरी मी पोटभर रडून घेते आणि घरी येऊन कुकर लावते.

यंदा मात्र माझं मनच विटलं. धाकट्या बहिणीचं परगावी शिवणाचं दुकान आहे, वरची खोली रिकामी आहे. ती कधीची म्हणतेय, ताई, ये निघून, भिंतीशी कसला संसार करतेस. तिला मी सांगून टाकलं, या रविवारी सिनेमाला जाऊन येते. अंधारात शेजारी बसून या माणसाने एकदा जरी मुलीबद्दल तोंड उघडलं तर राहीन. नाही तर बाडबिस्तरा गुंडाळून तुझ्याकडे. बहिणीने कपाळाला हात लावला.

रविवारी हे भलतेच खुशीत. बुटांना पॉलिश काय, तिकिटं आधीच काढून ठेवलेली काय. मी वेडी, हुरळले. ठेवणीतले कपडे घातले. थेटराच्या पायऱ्यांवर बघते तर यांच्या ऑफिसातली अख्खी फौज, गळ्यात निळे मफलर गुंडाळून उभी. आत मोठ्या पडद्यावर फायनल दाखवणार होते. माझा चेहरा बघून हे म्हणाले, थेटरच आहे ना, शेजारीच बसतोय ना, आणि पडदा बघ केवढा. त्यावर ऑफिसातले हसले. मी तिथूनच मागे फिरणार होते. पण चारचौघांत तमाशा नको, आणि बहिणीला दिलेला शब्द अजून डोक्यात होता. बसले.

खरं सांगू का, सिनेमा म्हणून बघाल तर फायनल अगदीच भिकार. पाऊण तास माणसं नुसती धावतायत, गोष्ट तसूभर पुढे सरकत नाही. नायक कोण, खलनायक कोण, पत्ता नाही. पण कॅमेरा सारखा यांच्या संघाच्या गोलकीपरकडे जायचा. कानाशी केस पिकलेला, त्याचा हा शेवटचा सामना म्हणे. मग प्रेक्षकांत बसलेली त्याची बायको दाखवायचे, मग पुन्हा तो. आता इतके पिक्चर पचवल्यावर मला एवढं कळतं, की शेवटी ज्याला मारायचं असतं त्याचं घरदार आधी दाखवतात. मध्यंतरात मी म्हटलंसुद्धा, तुमच्या त्या गोलकीपरचं काही खरं नाही. हे ऑफिसातल्यांकडे वळून म्हणाले, हिला काय कळतंय फुटबॉलमधलं.

सामना संपत आला तेव्हा एक साधा चेंडू त्याच्याकडे आला. शेंबड्या पोराने धरला असता असा. त्याच्या हातात आला, सुटला आणि मागे जाळ्यात गेला. अख्खं थेटर चिडीचूप झालं. तो गुडघ्यांवर बसला, हातमोजे काढले आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिला.

माझ्या खांद्यावर काहीतरी जड टेकलं. यांचं डोकं होतं. माझ्या बाहीत तोंड खुपसून हे हुंदके देत होते. इतक्या वर्षांत हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोण कुठला तो परका माणूस, त्याच्यासाठी यांच्या डोळ्यांना पाणी होतं.

"आपल्या मुलीसाठी का नाही हो रडलात?" मी हळूच विचारलं.

हे बाहीतूनच म्हणाले, "तेव्हा उजेड होता गं. सगळे बघत होते."

माझा राग कुठच्या कुठे गेला. म्हणजे हा माणूस इतकी वर्षं अंधार शोधत होता, आणि मी मेली रोज एकटीच अंधारात जाऊन बसत होते. मी त्यांच्या केसांतून हात फिरवला. बहिणीला कसं सांगायचं, ते मनात जुळवायलासुद्धा लागले. ती चिडेल, चिडू दे म्हटलं.

तेवढ्यात दिवे लागले. हे झटकन ताठ झाले. रुमालाने तोंड पुसलं आणि तो ओला बोळा माझ्या हातात कोंबला. पुढच्या रांगेतल्या ऑफिसातल्या एकाने वळून विचारलं, काय झालं वहिनी.

"काही नाही रे," हे हसत म्हणाले. "आमच्या हिला थेटरात रडू येतं. कशावरही रडते."

सगळे हसले. माझे डोळे ठणठणीत कोरडे होते, पण ते बघायला कोणाला सवड होती. मी रुमाल सरळ केला, त्याची घडी घातली आणि सगळ्यांच्या देखत यांच्या मांडीवर ठेवली. हे हसतच होते.

बाहेर येऊन बहिणीला फोन लावला. खोली झाडून ठेव म्हटलं.

ती म्हणाली, "म्हणजे भावजी एकदाही बोलले नाहीत तिच्याबद्दल?"

"बोलले," मी म्हटलं. "म्हणून तर येतेय."