मांडीमागचा खड्डा

तळेगावच्या मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाची तोंडी परीक्षा चालू होती आणि अश्लेषाची पाचावर धारण बसली होती. ॲनाटॉमीचा अभ्यास पक्का होता. भीती होती ती कोपऱ्यातल्या टेबलाची.

कार्ल्याच्या शाळेत तिला कबड्डी शिकवणारे त्र्यंबक सर, तिला ॲडमिशन मिळाली त्याच पावसाळ्यात वारले. देहदान करायचं त्यांनी आधीच ठरवलं होतं, तेही याच कॉलेजात. गावानं नाकं मुरडली. "अग्नी न्हाई, दहावा न्हाई, मानूस सुटनार कसा?" सर कुणाला बधले नाहीत. पेढे घेऊन गेलेल्या अश्लेषाला हसत म्हणाले होते, "म्या येतोच तुज्या कालेजात. बगू, आब्यास किती केलास त्यो."

तेव्हा तीही हसली होती. आता हसू कुठलं! इथं मृतदेहाला नाव नसतं, चेहरा झाकलेला असतो. पण कोपऱ्यातला देह त्याच पावसाळ्यात आलेला, एवढं तिच्या कानावर आलं होतं. म्हणून आपल्या बॅचचं टेबल सोडून वर्षभर ती कुठं फिरकली नव्हती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते उगाच नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं कोपऱ्याकडेच बोट केलं.

"हॅमस्ट्रिंग दाखव. डावा पाय."

देह पालथा होता, मांडीची मागची बाजू कातडी काढून उघडी केलेली. अश्लेषानं ग्लोव्ह घातलेली बोटं बसायच्या हाडावर ठेवली.

"सर, मांडीमागचे हे तिन्ही स्नायू इथून निघतात. आतले दोन गुडघ्याखाली नडगीच्या हाडाला जातात. बाहेरचा बायसेप्स फिमोरिस..."

बोटं बाहेरच्या स्नायूवरून खाली सरकली आणि एका खड्ड्यात रुतली.

हा खड्डा तिला ठाऊक होता. शाळेतल्या प्रत्येक पोराला ठाऊक होता. सर मैदानात पालथे पडून, हाफ पँट वर सारून तो दाखवायचे. "हितं बोट घाल. मांडी दुखत व्हती, तरी चढाईला गेलतो. तटकन तुटलं न्हवं! दुखलं तर सांगायचं, पोरी. लपवायचं न्हाई."

तिचे डोळे भरून आले. इथं रडत पळालं तर नापास, आणि तेही सरांसमोर.

"हा भाग खराब दिसतोय," परीक्षक म्हणाले. "उजवा पाय घे."

सुटायला वाट मिळाली होती. पण सरांना खराब म्हटलेलं तिला सोसवेना. तिला चक्क रागच आला.

"खराब नाही, सर. जुनी इजा आहे. स्नायू तुटून वर ओढला गेलाय, मध्ये हा पांढरा व्रण राहिलाय." तिनं व्रणावर बोट टेकवलं. "हे स्नायू गुडघा वाकवतात, मांडी मागे नेतात. पळताना पाय वेगानं पुढे जातो, तेव्हा त्याला आवरतातही हेच. ताणले जात असतानाच जोर लावावा लागतो, म्हणून तेव्हाच तुटतात. कबड्डीत चढाईला गेलेल्या माणसाचं असंच होतं."

परीक्षकांनी चष्मा वर केला. "कबड्डीच कशावरून?"

नाव अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

"आमच्या सरांनी शिकवलंय."

"चांगलं शिकवलंय," असं म्हणून ते पुढच्या टेबलाकडे वळले.

अश्लेषानं पांढरी चादर मांडीवर ओढली, कड सारखी केली आणि वाकून हळूच म्हणाली, "आब्यास केलाय, सर. बगितला न्हवं?"