फ्लॉपीवरच्या दोन किल्ल्या

"तुझ्या घरच्यांना सांगून ठेव, नुसता आवाज बघायचा. दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही," असं कस्तुराबाईंनी मला जिन्यात अडवून सांगितलं होतं. मी हसले. म्हटलं, अहो, ते दिवसभर ऑफिसात हेच तर करतात. त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणूनच सांगायलेय की."

मी ते कानाआड केलं. नवरा कॉम्प्युटरमध्ये आहे, एवढं म्हटलं की त्या दिवसांत बंगळूरला घरमालक हसून बोलायचे आणि माहेरची माणसं आवाज खाली आणायची. मीही त्याच भरात होते.

जे. पी. नगरला आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. अजित, मी आणि दोन वर्षांची सिद्धी. खाली कस्तुराबाई आणि त्यांचा मुलगा उपेंद्र. मूळचे निपाणीकडचे. घरात मराठीच, पण मधूनमधून कानडी डोकावायचं. उपेंद्र जन्मापासून आंधळा. तिशीचा, इंग्रजी घेऊन एम. ए. झालेला आणि जिभेला चांगली धार असलेला. एका बँकेच्या मोठ्या कचेरीत टेलिफोनच्या बोर्डावर बसायचा. "जरा थांबा, जोडतो, एवढं म्हणायला एम. ए. लागतं बघा वहिनी," असं स्वतःच सांगायचा. आता बँकेने कबूल केलं होतं की कॉम्प्युटरवर कुणाच्या मदतीशिवाय पत्रं वाचून, लिहून दाखवलीस तर पत्रव्यवहार विभागात घेऊ. साहेबांसमोर करून दाखवायचा दिवस ठरला होता, येता शुक्रवार.

विलायतेतल्या एका संस्थेने त्याला त्यासाठी एक प्रोग्रॅम पाठवला होता. पडद्यावर जे असेल ते तो मोठ्याने वाचून दाखवायचा, साहेबाला सर्दी झाल्यासारख्या आवाजात. सिद्धी त्याला उलट उत्तरं द्यायची. त्या प्रोग्रॅमचं लायसन्स एका फ्लॉपीवर होतं. फोनची तार नको, इंटरनेट नको. फ्लॉपीवर दोन किल्ल्या, म्हणजे दोन मशीनपुरती परवानगी. किल्ली मशीनमध्ये घातली की ती फ्लॉपीवरून कमी होई. मशीन पुसायचं असेल तर आधी किल्ली फ्लॉपीवर परत घ्यायची. न घेता पुसलं तर ती किल्ली कायमची गेली. उपेंद्रची एक किल्ली घरच्या मशीनमध्ये होती आणि दुसरी बँकेच्या मशीनसाठी जपून ठेवलेली.

एवढंच होतं. सिद्धीला डब्याचं झाकण लावायला शिकवायला मला याहून जास्त वेळ लागला होता.

स्पीकरमधून खरखर यायला लागली म्हणून उपेंद्रने अजितला विचारलं. अजित एकटा खाली गेला असता तर कदाचित निभावलं असतं. पण रविवार होता, आणि रविवारी आमच्याकडे पुण्या-नागपूरकडची त्याची मित्रमंडळी मिसळ खायला जमायची. फरसाण पुण्याहून आणलेलं, कारण इथलं म्हणे बरोबर नसतं. इथलं काहीच त्यांच्या मते बरोबर नसायचं. हात धुतल्यावर शुभंकर म्हणाला, चला, बघून टाकू. त्याच्यामागे मल्हार. हा फारसं बोलत नसे आणि त्यामुळे सगळे त्याला फार हुशार समजत.

खाली गेल्यावर शुभंकरने मशीनसमोरची खुर्ची घेतली, दोन बटणं दाबली आणि म्हणाला, "फॉरमॅट मारू."

या लोकांचं सगळ्यावर हेच औषध. ताप आला की अंगारा लावणाऱ्यांना हसतात आणि मशीन हटून बसलं की सगळं पुसून पहिल्यापासून घालतात. उपेंद्र म्हणाला, आधी किल्ली फ्लॉपीवर परत घ्या. शुभंकर म्हणाला, "हो, हो." मग उपेंद्रने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. तेव्हा शुभंकर अजितकडे बघून हसला. आंधळ्या माणसाला हसणं दिसत नाही, पण मला दिसलं. आणि त्यांनी पुसलं.

ही माणसं एवढी बिनघोर का होती, ते मला नंतर कळलं. आमच्या ओळखीत ज्याच्या त्याच्या घरच्या मशीनवर जे काही होतं ते सगळं कुणाच्या तरी सीडीवरून उतरवलेलं. कंपनीला सॉफ्टवेअर करून देणारे हे लोक, पण घरी एकानेही कधी लायसन्स पाहिलेलं नव्हतं. पुसलं तर काय, पुन्हा उतरवायचं. त्या सगळ्या गल्लीत एकच खरं लायसन्स होतं, आणि ते यांच्या हातात सापडलं.

फ्लॉपीवरची दुसरी किल्ली घालून शुभंकरने प्रोग्रॅम चालू केला. आवाज आला, आणि खरखरही आली. उपेंद्र म्हणाला, "आता ही एकच उरली. शुक्रवारी हीच फ्लॉपीवर परत घेऊन बँकेत नेतो. तुम्ही दमला असाल, कॉफी घ्या." हे बोलणं त्यांना बाहेरचा रस्ता दाखवणारं होतं. त्यांना ते आमंत्रण वाटलं.

तो आईबरोबर कॉफी आणायला आत गेला. मी सिद्धीच्या मागे होते. यांनी मशीनचं झाकण उघडून स्क्रू फरशीवर टाकले होते, आणि ती वयाची अशी की जे चमकेल ते तोंडात. मी टेबलाखाली वाकून एकेक स्क्रू मुठीत घेत होते, तेव्हा वर मल्हार पहिल्यांदा बोलला. डिस्कचे भाग चुकीचे पाडलेत, म्हणाला, पुसून परत पाडू, दोन मिनिटांचं काम आहे.

मी खालूनच विचारलं, "किल्ली परत घेतली का?"

"अगं, झालंच," अजितचा आवाज आला.

खरंच झालं होतं. त्याच वेळी टेबलामागे माझा हात स्पीकरच्या वायरला लागला. तिची पिन अर्धी बाहेर आली होती. मी ती आत दाबली. खरखर पुढे कधीच आली नाही, कारण पुढे आवाजच आला नाही.

उपेंद्र कॉफी घेऊन आला तेव्हा पडद्यावर इंग्रजीत एक ओळ होती आणि ती वाचून दाखवणारा आता कुणी नव्हता. तिघांचंही लक्ष एकाएकी कॉफीकडे गेलं. शेवटी मी वाचली: या फ्लॉपीवर किल्ली शिल्लक नाही.

त्याने ट्रे हळूच खाली ठेवला. "छान. मला दिसत नाही आणि तुम्हाला ऐकू येत नाही."

मग त्या तिघांनी काय काय केलं ते सांगायलाही लाज वाटते. मशीनची तारीख मागे नेली, जणू कालच्या तारखेला कालची किल्ली मिळणार होती. फ्लॉपीची नक्कल काढली, नकलेची नक्कल काढली. जाताना शुभंकर म्हणाला, प्रोग्रॅमच भंगार आहे.

दुसऱ्या दिवशी सिद्धी झोपल्यावर मी त्या प्रोग्रॅमबरोबर आलेलं पुस्तक घेऊन बसले. छापील, बारीक अक्षर. आंधळ्यांसाठीच्या प्रोग्रॅमची माहिती बारीक छापायची बुद्धी कुणाची, देव जाणे. उपेंद्रला ते वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांनी उघडलं नव्हतं. त्यात वाट दिलेली होती. किल्ली हरवली तर प्रोग्रॅम पडद्यावर एक लांबलचक आकडा दाखवतो. प्रोग्रॅम करणाऱ्या विलायतेतल्या कंपनीला फोन करून तो सांगायचा. त्या बदल्यात ते उलट एक कोड देतात, तो टाकला की प्रोग्रॅम फ्लॉपीशिवाय सुरू. मात्र तो आकडा त्या डिस्कचा, ती पुसली की आकडा बदलतो.

जेवताना मी हे अजितला वाचून दाखवलं. म्हटलं, आता त्या मशीनला हात लावायचा नाही. तो "हं" म्हणाला. लग्नाला चार वर्षं झाली होती, तरी त्याच्या "हं"चा मला अजून अंदाज नव्हता.

बुधवारी दुपारी उपेंद्र रजा काढून आला. विलायतेत तेव्हा सकाळ. आम्ही सिद्धीला घेऊन रिक्षाने जयनगरला गेलो, तिथे परदेशी फोन लागणारा बूथ होता. निघण्याआधी मी पडद्यावरचा आकडा कागदावर उतरवून घेणार होते, पण उपेंद्र म्हणाला, एकदा वाचा, बास. टेलिफोनच्या बोर्डावर बसणारा माणूस तो, त्याने ऐकला आणि पाठ केला.

काचेच्या खोलीत तिघं कशीबशी मावलो. पलीकडची बाई चांगली वाटली. तिने आकडा घेतला, कोड दिला आणि बजावलं की फोनवर असा कोड एकदाच देता येतो. पुन्हा काही झालं तर जुनी फ्लॉपी पोस्टाने त्यांच्याकडे पाठवायची, मग नवी येईल. उपेंद्रने कोड तिला उलट म्हणून दाखवला. परतताना रिक्षात तो तेच पुटपुटत होता. सिद्धीला ती बडबडगीतातली ओळ वाटली, तीही मागून म्हणायला लागली. मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास आला.

घराचं दार उघडं होतं. अजित उपेंद्रच्या मशीनसमोर बसला होता. अर्धा दिवस रजा टाकून आला होता. चेहरा असा, की आता कुणीतरी पाठ थोपटावी.

"तुम्ही कोड आणेपर्यंत मी मशीन स्वच्छ करून ठेवलं," तो म्हणाला. "ऑफिसात शुभंकर म्हणाला, नवा कोड जुन्या कचऱ्यावर टाकू नये."

मी सिद्धीला उचलून घेतलं. बोलले असते तर सिद्धी घाबरली असती.

उपेंद्रने विचारलं, "वहिनी, पडद्यावर आता काय आकडा आहे?"

मी वाचायला लागले. पहिलाच अंक ऐकून त्याने हात वर केला. "राहू द्या. वेगळा आहे." मग खुर्ची चाचपत बसला आणि कानडीत "ठीक आहे" म्हणतात तसं म्हणाला, "सरी."

आतून कस्तुराबाई आल्या. त्यांनी मला एका शब्दाने आठवण करून दिली नाही, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. अजित अजून म्हणतच होता की बघ ना, आता किती फास्ट चालतंय.

"हो. मुका झाल्यावर माणूसही भरभर चालतो," उपेंद्र म्हणाला.

शुक्रवारी तो बँकेत गेला, रिकाम्या हाताने. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, फ्लॉपी आली की सांग, मग बघू. फाइल त्यांनी बंद केली नाही, एवढीच कृपा. जुनी फ्लॉपी मी स्वतः पोस्टात नेऊन विलायतेला पाठवली. अजितला पाकिटावर तिकीटही लावू दिलं नाही. पुढे त्याच्या कंपनीने आम्हाला पुण्याला परत बोलावलं. तिथे त्याला बढती मिळाली. काय काय पुसून, ते मी विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात कस्तुराबाईंचा फोन आला. नवी फ्लॉपी आली आहे, दोन किल्ल्यांची. बँकेने येत्या सोमवारी बोलावलं आहे, आणि साहेबांनी या खेपेला साफ सांगितलंय, आता शेवटचंच. उपेंद्र खूश आहे. आमच्या जागेत नवं बिऱ्हाड आलंय, म्हणाल्या. नागपूरकडचे आहेत, स्वभावाने फार चांगले. नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि रविवारी येऊन सगळं नीट बसवून देतो म्हणालाय.

मी पुण्यात. सिद्धीला गोवर आलाय, मला हलता येत नाही. फोन केला तर उपेंद्र म्हणतो, शेजारधर्म आहे वहिनी, तोंडावर नाही कसं म्हणू?

तुमच्यापैकी कुणी जे. पी. नगरकडे राहत असाल तर रविवारी सकाळी त्याच्याकडे जरा जाऊन या. तिसरा फेज, पाण्याच्या टाकीमागची गल्ली, तळमजला. उपेंद्र बरा आहे ना, ते बघा. आणि मशीनसमोरची खुर्ची रिकामी दिसली तर तुम्हीच तिच्यावर बसा, तो सोमवारी बँकेत निघेपर्यंत उठू नका.