विहिरीवरचा लाल ठिपका

अर्धा जन्म उजनी धरणाच्या पाण्यावर घालवलेल्या तात्याबाला मोबाइल बघून होडी हाकायची म्हणजे थट्टाच वाटली. पण नकाशा पडला नातीचा! स्वराली बारामतीच्या एमआयडीसीत कॉम्प्युटरवर नकाशे करायची. इंदापूरच्या होडीवाल्यांसाठी तिनं हा नवा केला होता. आजवर पाण्यात जिथं अपघात झाले तिथं लाल ठिपका, आणि तो टाळून जायची वाट मोबाइल बोलून सांगणार. म्हातारा टोपी झटकून पहिल्या फेरीला ऐटीत बसला.

इंजिनावर ऋषिराज होता, रामहरीचा नातू. तीच रुंद पाठ, तसंच एक पाय फळीवर टाकून उभं राहणं. तात्याबा सहसा त्याच्याकडं नीट बघतच नसे.

"आबा, हा मधल्या धारेतला ठिपका बघा," स्वराली म्हणाली. "रामहरीआजोबांचा अपघात. वावटळीनं होडी उलटली असं पंचनाम्यात हाय. जबाब तुमचाच की."

तात्याबा नुसता हुं म्हणाला.

एकवीस वर्षं झाली त्या अपघाताला. त्याच्याही कितीतरी आधी धरणात गाव बुडालं, माणसं पांगली, पण तात्याबाच्या घरची एक रीत सुटली नव्हती. नव्या ज्वारीची पहिली भाकरी विहिरीला. विहीर पाण्याखाली गेली म्हणून काय झालं? बायको सारजा दरसाल भाकरी फडक्यात बांधून द्यायची, आणि तात्याबा होडीनं नेऊन ती विहिरीच्या वर सोडायचा. आणि काय विहीर होती ती! बापानं घडीव दगडात बांधलेली, मोटेसाठी काठावर दोन दगडी खांब. तात्याबा पोहायला तिथंच शिकला. सारजा नवी नवरी होऊन पहिली घागर भरायला आली तीही तिथंच.

अपघाताच्या उन्हाळ्यात रामहरी संगं होता. "तात्या, पाणी लई उतरलंय. लांबनंच सोड की," म्हणाला होता. ऐकलं असतं तर! पण तात्याबाला भाकरी बरोब्बर विहिरीवरच सोडायची होती. होडी खांबावर आदळली, रामहरी बाहेर फेकला गेला, डोकं दगडावर आपटलं. जबाब देताना तात्याबाच्या तोंडून वावटळ निघाली, अन् जागाही मधल्या धारेतली. वावटळीला कोण जाब विचारणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, तेव्हापासून तो तोंड शिवून बसला.

मधली धार जवळ आली. "पुढं धोका. डावीकडं वळा," मोबाइल बोलला. ऋषिराजनं होडी डावीकडं घातली.

तात्याबानं सवयीनं काठाकडं बघितलं. पल्याडचा पिंपळ आणि टेकडीवरचं देऊळ सरकत सरकत एका रेषेत येत होते. ते एका रेषेत आले की खाली विहीर. यंदाही पाणी उतरलं होतं. तो ताडकन उठला.

"इंजिन बंद कर! ऋषिराज, बंद कर म्हंतो न्हवं!"

"का वो तात्या? नकाशात तर..."

"नकाशाला काय इचारतोस! पोरीनं माजा जबाब खरा मानला. मीच खोटा हाय!"

इंजिन थांबलं. तात्याबानं बांबू उचलून पुढं पाण्यात खुपसला. हातभर खाली दगड ठक्कन वाजला.

मग तात्याबानं ऋषिराजच्या डोळ्यांत बघून सगळं सांगितलं. भाकरी, खांब, रामहरीनं केलेली विनवणी, वावटळीची थाप. "तुज्या आज्याला वाऱ्यानं न्हाय मारलं, पोरा. माज्या हट्टानं मारलं. आन् मी भेकडावानी गप बसलो."

स्वरालीनं मधल्या धारेतला ठिपका काढला आणि विहिरीवर ठेवला.

"कारण काय लिहू, आबा?"

"लिही, नावाड्याचा हट्ट. आन् नावाड्याचं नाव तात्याबा."

तिनं लिहिलं. ऋषिराज पाठमोरा उभा होता. तो बोलला, पण वळला नाही.

"वारं सुटलं की आमची आजी दार लावून बसायची, तात्या. वाऱ्याला शिव्या देत. मरेस्तवर."

तात्याबानं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. ऋषिराजनं बांबू त्याच्या हातून घेतला आणि होडी हळूहळू मागं रेटायला लागला.