इंजिनाखालचे दोन माउंट

मर्व्ह स्टोल्ट्झ गाडीखालून सरकत बाहेर आले. चिंधीला हात पुसत ते माझ्याकडे न बघता गाडीच्या दिव्याकडे बघत राहिले.

"बाकी सगळं चोख आहे, ब्रायडी," ते शेवटी म्हणाले. "ब्रेक, पेट्रोलची नळी, सायलेन्सर. पण माउंट मी पास करणार नाही."

आमच्याकडे गाडीचं इंजिन बदललं की मर्व्हसारख्या परवानाधारक तपासनिसाची सही लागते. काम पसंत पडलं की बॉनेटखाली धातूची एक छोटी पट्टी ठोकतात, आणि तिच्यावरचा नंबर विमा कंपनीला कळवायचा असतो. बावीस वर्षांची मुलगी आणि दुसऱ्या गाडीचं इंजिन, एवढं ऐकूनच तीन कंपन्यांनी मला नको म्हटलं होतं. चौथी तयार होती, पण पट्टीशिवाय नाही.

"माउंटला काय झालं?" मी विचारलं. मला माहीत होतं.

"अगं, त्या दोन आधारांवर अख्खं इंजिन पेललेलं असतं. एखाद्या खड्ड्यात जोड उकलला तर ते तुझ्या पायांवर येईल. कुणी केलंय हे वेल्डिंग?"

"बाबांनी."

"थट्टा करू नकोस. डेस हॅनरहॅनचं वेल्डिंग मी तीस वर्षं बघत आलोय. आंधळ्यालासुद्धा बोट फिरवून कळेल की हे त्याचं नाही."

"त्यांचंच आहे, मर्व्ह."

त्यांनी चिंधीची घडी केली, परत उलगडली. मग म्हणाले, "सॉरी, पोरी," आणि चहा ठेवायला आत गेले.

बाबांनी जन्मभर रेल्वेच्या कारखान्यात वेल्डिंग केलं. मागे उघडा हौदा असलेली ही जुनी डॅटसन त्यांनी माझ्या एकोणिसाव्या वाढदिवसाला ओढून आणली आणि आम्ही दोघांनी तिच्यात मोठं इंजिन बसवायला घेतलं. तिसऱ्या वर्षी त्यांच्या हातांच्या नसा निकामी व्हायला लागल्या. आधी पाना सुटायला लागला, मग चहाचा कप. माउंट तेवढे राहिले होते. मी म्हटलं, मी करते. ते म्हणाले, "इंजिनाचं वजन ज्याच्यावर येणार ते काम पोरीवर टाकू? मी मेलो नाही अजून." मी त्यांचं मनगट खालून धरलं होतं. ठिणग्या पडत होत्या तिथे धातू सलग बसत नव्हता, ढेकळं होत होती. त्यांनी मुखवटा वर करून विचारलं, "कसं आलंय?" मी म्हटलं, "छान आलंय, बाबा." आमच्या घरात वाईट जोडाला छान म्हणण्याची ती पहिली वेळ.

पाच आठवड्यांपूर्वी ते गेले.

घरी आई स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. मी सगळं सांगितलं, माझं ते 'छान'सुद्धा; माउंट कापावे लागणार म्हटलं तसा तिचा हात थांबला.

"कापायचं? त्याचं शेवटचं काम कापायचं?"

"मर्व्ह दुसरं काही ऐकत नाहीत."

"मग मर्व्हला चुलीत घाल. गाडी माझ्या नावावर कर. मी अठ्ठावन्नची, माझ्या नावावर एक साधा दंडसुद्धा नाही. चालवतेय मी म्हणून विमा कंपनीला सांगू. इंजिनाचं नावच काढायचं नाही. अख्खं गाव करतं. त्या शेजारच्या क्रेगचा पोरगा कुणाच्या नावावर गाडी उडवतो मग?"

"आणि उद्या मी कुणाला धडकले तर?"

"धडकू नकोस."

"आई."

"दोन तुकडे आहेत गं लोखंडाचे," ती म्हणाली. "त्याच्या हातचं दुसरं काय उरलंय? बाकी सगळं त्याने लोकांसाठी केलं."

खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. गाडी शेडमध्ये तशीच ठेवावी, कधी चालवू नये, त्या ढेकळांवरून अधूनमधून बोट फिरवावं. पण बाबांना उभी गाडी बघवत नसे. न चालणारी गाडी म्हणजे कोंबड्यांचं खुराडं, असं ते म्हणत.

चौथ्या कंपनीने बदलांची यादी मागितली होती. तिचा फॉर्म हात पुरते निकामी होण्याआधी बाबांनीच भरायला घेतला होता, म्हणून मी त्यांच्या फाइलमधून तो काढला. एका रकान्यात बदल, पुढच्या रकान्यात काम कोणी केलं. इंजिन: मी आणि ब्रायडी. गिअरबॉक्स: मी आणि ब्रायडी. रेडिएटर: ब्रायडी. वेड्यावाकड्या अक्षरांत, एकेका शब्दाला बहुधा दोन-दोन मिनिटं लागली असावीत. माउंट: मी. आणि तिथेच समासात, पेन्सिलने: जोड कमजोर. कापून नवे, दुसऱ्याकडून. नंतर.

मी कागद आईपुढे ठेवला. तिने चष्मा शोधला, वाचलं.

"नंतर म्हणजे कधी?" ती म्हणाली, आणि लगेच तिच्या लक्षात आलं.

चष्मा काढून ती म्हणाली, "तू छान म्हणालीस तेव्हा काय बोलला तो?"

"म्हणाले, मग ठीक."

मंगळवारी कारखान्यातल्या एका वेल्डरने जुने माउंट कापले. त्याला दहा मिनिटंही लागली नाहीत. नवे जोड एकसारखे, सरळ, बघत राहावे असे होते. मर्व्हनी पट्टी ठोकली आणि पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीला फोन लावला. आई ऐकायला बसली. पलीकडच्या बाईने पट्टीचा नंबर घेतला, मी यादी वाचून दाखवली. माउंटपाशी मी परवानाधारक वेल्डर असं म्हटलं. आई उठून खिडकीशी गेली.

"गाडी मुख्यतः कोण चालवणार?"

"मी. वय बावीस."

"ठीक आहे. फेब्रुवारीत तुमच्या वडिलांनी फोन केला होता, तेव्हा दुसरे चालक म्हणून स्वतःचं नाव दिलं होतं. डेसमंड हॅनरहॅन, वय एकसष्ट."

फेब्रुवारीत त्यांना चमचा धरता येत नव्हता, स्टिअरिंग कुठलं.

"त्यांचं नाव ठेवायचं ना?" बाईने विचारलं. "अनुभवी चालक असला की हप्ता कमी पडतो."

आईने मान वळवली नाही.

"नाही," मी म्हटलं. "काढा."

"एक मिनिट हं," ती म्हणाली, आणि मला तिच्या की-बोर्डचा आवाज ऐकू येत राहिला.