नियम सतरा आणि गाजराचं सूप

क्लबच्या सभासदांना स्वयंपाक शिकवायचा, हे कमिटीने ठरवलं तेव्हा मला कोणी विचारलं नाही. एकोणीस वर्षं मी तिथली मुख्य स्वयंपाकीण आहे. विचारलं असतं तर नाही म्हटलं असतं, म्हणूनच विचारलं नसणार. सेक्रेटरींनी नुसता कागद आणून दिला. दर मंगळवारी चार वाजता, बारा सभासद, विषय गाजराचं सूप.

"शिकवायचं कुठे?" मी विचारलं.

"नियम सतरा," सेक्रेटरी म्हणाले. नियम त्यांना तोंडपाठ. पोरांचे वाढदिवस मात्र डायरीत बघावे लागतात. "सभासदाने किचनमध्ये पाय ठेवायचा नाही. नियम अठरा, किचनच्या नोकराने हॉलमध्ये पाय ठेवायचा नाही."

"मग मी काय दाराला लोंबकळू?"

शेवटी वाढायच्या खिडकीतून शिकवायचं ठरलं. खिडकी दोन हात रुंद, हातभर उंच. पलीकडे खुर्च्या मांडून बारा जण बसले. त्यांना माझं पोट आणि हात दिसायचे, मला त्यांचे गुडघे. त्यात नियम बावीस होता, सभासदाने आवारात अंगमेहनत करायची नाही. म्हणून प्रत्येकामागे एक वेटर उभा केला. सभासद शिकणार आणि वेटर गाजर सोलणार. हेच वेटर रोज सकाळी माझ्यापाशी गाजरं सोलतात. मी कपाळावर हात मारला, पण तेवढा मात्र कोणालाच दिसला नाही.

त्या बारा जणांत क्लबचे अध्यक्षही होते, निवृत्त न्यायाधीश. पुराव्याशिवाय त्यांना काही पटत नाही. मी म्हटलं, "आता गाजर शिजलं." ते म्हणाले, "हे कोणी ठरवलं? ठराव मांडा." एकाने मांडला, दुसऱ्याने अनुमोदन दिलं, तिसऱ्याने 'जवळजवळ' हा शब्द घालायची दुरुस्ती सुचवली. मतदान होईपर्यंत पातेल्यातलं गाजर बुडाला लागून धूर निघत होता. सात विरुद्ध पाच. वहीत नोंद झाली, गाजर बहुमताने शिजलेले आहे. मीठ घालायचं की नाही हा प्रश्न उपसमितीकडे गेला. दुसऱ्या मंगळवारी सगळ्यांना उत्तीर्ण करून प्रमाणपत्रं वाटली. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली.

टाळ्या वाजवून सगळे गेले. एक गुडघ्यांची जोडी मात्र हलली नाही. मग खिडकीत वाकून एक चेहरा आला. हे पूलवाले. आयुष्यभर पूल बांधले, म्हणून सगळे त्यांना पूलवालेच म्हणतात. वय एकाहत्तर.

"बाई, मला खरंच शिकायचंय हो," ते म्हणाले. "हिला झटका येऊन दोन महिने झाले. उजवा हात गेला. खात नाही काही. घास पुढे केला की तोंड फिरवते. डॉक्टर म्हणतात, सोमवारपर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी."

"घरी कोणी करायला नाही का?"

"मेव्हणी आहे ना! सुगरण आहे. मला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू देत नाही. पण ही परवा काय म्हणाली माहितीय? त्रेचाळीस वर्षं तुम्हाला करून घातलं, तुमच्या हातचं एकदा खायला मिळालं असतं तर..."

मला गलबलून आलं, आणि असं झालं की मी चिडते. "मग या आत! कोण अडवतंय?"

"नियम सतरा," ते म्हणाले. पूल बांधणाऱ्या माणसाला नियम मोडवत नाही हो.

बुधवारी सकाळी त्यांनी सभासदत्वाचा राजीनामा दिला. दहा मिनिटांनी त्याच टेबलावर किचनमधल्या मदतनिसाच्या जागेसाठी अर्ज केला. सेक्रेटरींनी नियमांचं पुस्तक पुढून मागे, मागून पुढे चाळलं. माजी सभासदाला नोकरीवर ठेवू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं. 'अनुभव' या रकान्यात पूलवाल्यांनी लिहिलं, 'दोन तासिका, प्रमाणपत्र जोडले आहे.' त्यांना ॲप्रन मिळाला.

"आता मला अरे-तुरे करा," ते म्हणाले. "नाहीतर इतरांना काय वाटेल?"

मी केलं. तीन दिवस "अरे बोटं आत घे", "अरे आच कमी कर", "अरे ते मीठ आहे की वाळू?" असं ओरडत होते. ते टिपणं काढत. गाजरं पट्टीने मोजून एकसारखी कापत. एका गाजराला अकरा मिनिटं लागत. गुरुवारी बोट कापलं, शुक्रवारी मनगट भाजलं. अध्यक्ष खिडकीशी पाणी मागायला आले, ते पूलवाल्यांकडूनच घेतलं आणि मला म्हणाले, "नवा माणूस बरा दिसतो. आधी कुठे होता?" दोघं पंधरा वर्षं एका टेबलावर पत्ते खेळलेले.

बाहेर अन्न न्यायचं नाही, हाही नियम. पण राजीनामा देणाऱ्याचं सभासदत्व पत्नीकडे जातं, आणि नव्या सभासदाने आठवड्याच्या आत स्वतः येऊन सही करायची असते. त्यामुळे रविवारी दुपारी मेव्हणीने चाकाची खुर्ची ढकलत पूलवाल्यांच्या पत्नींना हॉलमध्ये आणलं. डाव्या हाताने त्यांनी कशीबशी सही केली. मेव्हणीने विचारलं, "अहो, भावोजी कुठे आहेत?" सेक्रेटरी म्हणाले, "ड्यूटीवर."

सूप पूलवाल्यांनी एकट्याने केलं. मी चमचासुद्धा लावला नाही, हात मागे बांधून उभी राहिले. वाडगा खिडकीत ठेवून ते वेटरला म्हणाले, "हिला सांगा, मी केलंय." मग ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"बघा तरी," मी म्हटलं.

"नको. तुम्ही सांगा."

खिडकीतून मला फक्त खुर्चीचं चाक दिसत होतं. पाच मिनिटं गेली, मग दहा. वेटर परत आला आणि वाडगा खिडकीत ठेवला. अर्धा भरलेला होता. पूलवाल्यांनी वळून पाहिलं आणि ॲप्रनची गाठ सोडली.

"संपलं," ते म्हणाले. "उद्या नळी."

"तसं नाही हो," वेटर म्हणाला. "खुर्चीतल्या बाई म्हणाल्या, बाकीचं त्यांना द्या. सकाळपासून जेवले नसतील."

पूलवाल्यांनी वाडगा उचलला. एक चमचा तोंडात घातला आणि तोंड वाकडं केलं. "बाई, हे खारट झालंय हो! भयंकर खारट. हिने खाल्लं कसं?"

"मुकाट्याने खा," मी ओरडले. "त्रेचाळीस वर्षांत तिचं कधी खारट झालं नसेल? तेव्हा तुम्ही खाल्लंत, तसंच तिने खाल्लं!"